चुनबेच्या पायाचं माप

बेटावरून,
चांद्र दहावा महिना, ता. ७, १९७१

चि. सौ. मालसुन हिला ओकबुनताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे मी आणि तुझी वहिनी सुनदोक, आम्ही दोघी बऱ्या आहोत. चिलसोंग, पत्र तूच तिला वाचून दाखवणार, म्हणून तुलाही आशीर्वाद. मात्र मधेमधे पदरचे शब्द घालू नकोस बाबा. वडील पाटी घेऊन बसले की ही समुद्राकडे धूम ठोकायची, आणि नवऱ्याला जन्मभर कारकुनी करायला लावलीन. भोग आता.

आधी कामाचं. तुझा चुनबे वसंतात शाळेत जाणार ना? त्याला रबरी बूट माझ्याकडून. चार वर्षांपूर्वी पाठवले त्यानंतर मी मेली लोकरीच्या मोज्यांवरच भागवते आहे. महिनाअखेरीस बूटवाला बेटावर येतो. कागदावर माप पाठव. मागच्या वेळी पोर पाय ठेवू देईना म्हणून तू जुन्या बुटाभोवती पेन्सिल फिरवली होतीस, तसं केलंस तरी चालेल.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मालसुन, आज सकाळी मी मागच्या किनाऱ्यावरच्या शेवाळ वाळवायच्या खोपीत रिकामी पोती आणायला गेले. तिथे चार वर्षांत कोणी फिरकलेलं नाही. दार लोटलं. जमिनीवर फळी, फळीवर भाताचा वाडगा, भातात चमचा उभा खोचलेला. शेजारी पाण्याच्या वाडग्यात तीन चमचे भात सोडलेला, पूर्वेकडे तोंड केलेला सुका मासा, दारूचा प्याला. मिरचीचा कण नाही. म्हणजे मेलेल्या माणसाला वाढलेलं ताट. भात अजून पुरता वाळलाही नव्हता.

आपल्या एकतीस घरांत कोणाचं श्राद्ध केव्हा ते मला तोंडपाठ आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या घरी ताटाचे वाटे जातात, लपवणार कोण? सहा तारखेच्या संध्याकाळी कोणाचंच नसतं. मग मी जेवायच्या काड्या पाहिल्या. वाडग्याच्या डाव्या बाजूला ठेवल्या होत्या. मालसुन, आपला भाऊ तेसिक डावखुरा. वडिलांनी त्याचा हात बांधून ठेवला, म्हणून चारचौघांत उजव्याने जेवायचा आणि घरचं दार लागलं की डाव्याने. हे तुला, मला आणि सुनदोकला माहीत. चौथं कोणी नाही. श्राद्धालासुद्धा आम्ही काड्या उजवीकडेच ठेवतो, वडिलांची तसबीर समोर असते म्हणून.

तेसिक तीन वर्षांपूर्वी याच महिन्यात नऊ तारखेला पहाटे होडी घेऊन तुझ्याकडे निघाला. पोस्टमनने त्याला तेलकापडाचा कोट आणि गवती टोपी घालून वल्हवताना लांबून पाहिलं. होडी उलटी सापडली, तो नाही. घर सोडलं तो दिवस धरून आम्ही आदल्या संध्याकाळी, आठ तारखेला, ताट मांडतो. पण कोणीतरी सहाला मांडलंय. त्याच्या लेखी तेसिक सातला गेला. दुसऱ्या तिथीला वाढलेलं मेलेल्याला पोचत नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. ज्याने इतक्या मायेने वाढलं, तो तिथी चुकायचा नाही. मग नऊ तारखेला होडीत कोण होतं गं?

आणि एक. फळीवर दुसरा वाडगा होता. लहान मुलाचा, बोटभर चमचा खोचलेला. गेलेल्या लेकराला ताट मांडायची आपल्यात रीतच नाही. बेटावर इतक्या वर्षांत मूल गेलेलं नाही. त्या मोठ्या वाडग्याला मी धीराने हात लावला, पण या लहानग्याला लाववेना; शेवटी सगळं फळीवरूनच पोत्यात सरकवून घरी आणून लपवलं.

सुनदोकला अजून बोलले नाही. ती माझ्या शेजारच्याच अंथरुणावर झोपते. का बोलले नाही ते विचारू नकोस. माझा भाऊ तीन वर्षं आपल्या घरच्या ताटावरून उपाशी उठलाय, एवढंच डोक्यात घोळतंय.

चुनबेचा पापा घे. माया पातळ करू नकोस.
तुझी ओकबुनताई


पुसान,
दहावा महिना, ता. १५

ती. ताईच्या सेवेशी मालसुनचा सा. न. वि. वि.

आपले पत्र पावले. आमचे हे सालाबादप्रमाणे मांदेली खरेदीला तुमच्या पलीकडच्या बेटावर गेले होते ते दहाला परतले, म्हणून उत्तराला उशीर झाला. क्षमा असावी.

चुनबेचे पुढचे दोन दात पडले. यांनी त्याला दात कौलांवर फेकायला लावले, मॅगपाय पक्ष्याकडे नवा दात मागायला शिकवले. तर पठ्ठ्याने दोन दातांच्या बदल्यात चार मागितले. बोलताना आता शिट्टी वाजते. मावशी भेटली की तिलाही वाजवून दाखवणार म्हणतो. मापाचा कागद सोबत घातला आहे.

तुम्ही लिहिलेले वाचून मन सुन्न झाले. ताई, लहान तोंडी मोठा घास घेते, पण तुमच्या मनात जे आहे आणि तुम्ही लिहिलेले नाही, तेच आमच्याही मनात आले. दादा गेला त्याआधी दोन दिवस तापाने अंथरुणात होता, असे वहिनीच सांगत होती. त्या दोन दिवसांत त्याला दुसऱ्या कोणी पाहिले का? वहिनी शिंपल्यांसाठी बुडी मारते ती एका दमात किती खोल जाते, तुम्ही जाणता. कोट घालून होडी बाहेर नेणे, उलटी करणे आणि पोहत परत येणे दुसऱ्या बाईला जमणार नाही, तिला जमेल. दादाच्या श्राद्धाला तिच्या डोळ्यांत कधी टिपूस आलेले तुम्ही पाहिले आहे का? काड्या कुठल्या बाजूला ठेवायच्या, हेही तिलाच ठाऊक.

मला वाटते, तुम्ही चौकीवर जाऊन सांगावे. मात्र ती भांडी समुद्रात टाका, अशा वस्तू घरात बऱ्या नव्हेत. तुम्ही ती कोणाला दाखवली का, ते अवश्य कळवा. आणि खोपीत पुन्हा पाऊल टाकू नका. तिथल्या जमिनीचे दगड सुटलेले आहेत, पाय मुरगळेल.

जीवाला जपा. आमच्यावरचा लोभ सुकू देऊ नका.
आपली मालसुन


बेटावरून,
दहावा महिना, ता. २१

चि. सौ. मालसुन हिला अनेक आशीर्वाद. वि. वि.

चार दात मागितले म्हणे! वाण्याच्या घरात जन्मायचा तो चुकून आपल्याकडे आला. वाचून किती दिवसांनी हसले मी. सुनदोकलाही वाचून दाखवलं, तीही हसली, आणि मग माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, की हिच्याबरोबर हसतेय मी.

चौकीवर मी गेले नाही. मी फक्त शेजारणींकडे सहज तिथ्यांची चौकशी केली, आणि त्या सहजच्या पोटात काय आहे ते त्या बायांनी अर्ध्या दिवसात काढून घेतलं. चौथ्या दिवशी हवालदारच दारात. भांडी पाहिली, ताब्यात घेतली. मग त्याने तूच विचारलास तो प्रश्न विचारला, तापाच्या दोन दिवसांत तेसिकला कोणी पाहिलं? कोणीच नाही. मी तेव्हा सासरी, धाकट्या नणंदेच्या बाळंतपणाला गेले होते, नऊला दुपारी परतले. सुनदोक मान खाली घालून बसली. हवालदाराने तिला सांगितलं, पुढच्या महिन्याच्या तीन तारखेच्या बोटीने तुला मुख्य ठाण्यावर नेणार. तिथे तोंड उघडलं नाहीस तर गप्प बसणं म्हणजेच कबुली धरतील. नवरा मारलेल्या बाईला काय शिक्षा होते ते मी लिहीत नाही.

तो गेल्यावर मी दार लावलं आणि तिला सरळ विचारलं, तू माझ्या भावाला मारलंस का? मालसुन, ती हसली. असं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. म्हणाली की मारायला हाताशी तर असायला हवा ना! ताप बीप काही नव्हता. सहा तारखेला जेवून तो बाहेर पडला तो आलाच नाही. लाजेखातर तिने दोन दिवस तापाची थाप मारली. मग पोस्टमनने सांगितलं की होडी घेऊन गेला, तेव्हा तिने ओळखलं, पुसानला कोणी बाई ठेवली असणार, होडी मुद्दाम उलटी केली असणार. तीन वर्षं ती त्याला जिवंत समजते आहे. दरवर्षी ताट मांडताना मनात म्हणायची, जिवंत माणसाला हे पोचत नाही, राहा तिकडे उपाशी. म्हणून डोळ्यांत टिपूस नाही. ऐकून मी तिथेच बसले. खोटं बोलणाऱ्या बाईचा चेहरा तसा नसतो, पण मी काही न्यायाधीश नव्हे, आणि मला तर रात्रभर तिच्याकडे पाठ करायचीही भीती वाटली.

अजून एक ती म्हणाली, ते तुझ्यासाठी. जायच्या आठवडाभर आधी तेसिक बंदरावर मांदेली विकायला गेला होता. तिथे त्याला तुमच्या गल्लीतली कोणी बाई भेटली. परतला तो तोंड काळं ठिक्कर घेऊन. काय झालं सांगेना, एवढंच म्हणाला की मालसुनच्या घरचं एक ऐकलंय, आधी त्या माणसाला समोरासमोर विचारतो, मग ताईला सांगतो. सुनदोकने ते बाईच्या भानगडीचंच पांघरूण समजलं. मालसुन, काय ऐकलं होतं गं त्याने? तो माणूस कोण? आठवून आठवून लिही. तीन तारखेच्या आत काही कळलं नाही तर सुनदोक हातची जाईल, आणि ती निर्दोष असली तर ते पाप माझ्या चौकशांचं.

हवालदार म्हणतो, सवडीने खोपीची जमीनही उकरून पाहू. तू दगड सुटल्याचं लिहिलंस ते खरं आहे, मी जाऊन पाहिलं. तुला बरं आठवलं इतक्या वर्षांनी!

मापाचा कागद शिवणाच्या डब्यात ठेवला आहे, बूटवाला आला की उघडेन. दोन दातांची दोन चुंबनं चुनबेला. तुझ्याशिवाय मन मोकळं करायला मला कोणी नाही, एवढं ध्यानात असू दे.
ओकबुनताई


पुसान,
दहावा महिना, ता. २७

ती. ताईस सा. न. वि. वि.

घाईत लिहिते. दादाने काय ऐकले असेल, मला कल्पना नाही. वहिनी आता जीव वाचवायला काहीही रचेल. तिच्या हातचे खाऊ नका.

आमचे हे येत्या दोन तारखेला तिकडे पोचणाऱ्या बोटीने तुमच्याकडे निघत आहेत. चार कपडे बांधून ठेवा आणि त्यांच्याबरोबर इकडे निघून या. परतीला बोट धरायची गरज नाही, त्यांनी पलीकडच्या बेटावरची होडी सांगून ठेवली आहे, मागच्या किनाऱ्यावरून संध्याकाळी निघता येईल. वहिनीला किंवा आणखी कोणाला कळवू नका. समुद्राची भीती वाटली तर डोळे मिटून बसा, ते जवळच असतील.

हवालदाराला सांगा, जुनी खोप उकरून काही हाती लागायचे नाही.

चुनबे मावशीची वाट पाहतो आहे. कृपा असू द्यावी.
आपली मालसुन


पुसान,
अकरावा महिना, ता. १

ताई,

हे पत्र माझं आहे. माझ्या हातचं पहिलं. अक्षर वाकडं आहे, तरी शेवटपर्यंत वाच.

मी जिथे केसांचे टोप विणायला जाते, तिथली एक बाई मला आठ महिने अक्षरं शिकवते आहे. घरी सांगितलं नाही. तुला एकदम पत्र लिहून चकित करायचं होतं. परवा वाचायचा सराव म्हणून नवऱ्याच्या पेटीतला डबा काढला. तुझी सगळी पत्रं आहेत त्यात. दोन दुपारी बसून वाचली. ताई, त्यातलं त्याने मला काहीच वाचून दाखवलेलं नाही.

चुनबे नाही गं. चार वर्षं झाली त्याला जाऊन. उन्हाळ्यात हा त्याला धक्क्यावर गळ टाकायला घेऊन गेला. हा प्यायलेला होता. पोर घसरलं. तू पाठवलेले नवे बूट पायात होते, म्हणून घरात जुनेच राहिले. मी रडत रडत तुला पत्र सांगितलं होतं. त्याने लिहिलं. महिन्याने तुझं उत्तर त्याने वाचून दाखवलं, की देवाची ठेव देवाने नेली, आता त्याचं नाव घेऊन मला रडवू नकोस. मला वाईट वाटलं होतं, की ताई इतकी कोरडी कशी झाली. म्हणून मी पुन्हा कधी त्याचं नाव पत्रात सांगितलं नाही. आणि तू प्रत्येक पत्रात त्याला पापे पाठवत होतीस.

मागच्या पंधरवड्यात एकदा मी कामावरून लवकर आले. हा जुना बूट कागदावर धरून बसला होता. विचारलं तर म्हणाला, धूळ झटकतोय. मी पुढे विचारलं नाही. तो बूट मलाही बघवत नाही.

दादाला भेटली ती आमची शेजारीण. तिने काल मला सांगितलं. चुनबेचं कसं झालं ते सगळं तिने दादाला सांगितलं होतं. दादा ते ऐकून बंदरावरच खाली बसला, म्हणाला की आमच्या घरी तर तो परवाच्या पत्रात पोहायला शिकला.

आणि ताई, चौथा होता. लग्नाआधी हा आणि दादा एका होडीवर होते, एका डब्यात जेवायचे. दादा कुठल्या हाताने जेवतो ते याला माहीत होतं. दरवर्षी त्या तिथीला हा घरी नसतो. पलीकडचं बेट म्हणतो.

तुझ्या उत्तरांवरून कळलं, माझ्या नावाने गेलेल्या या पत्रांत माझं एक अक्षर नाही. वहिनीबद्दलचं तर स्वप्नातही नाही. तो आज निघाला. पिशवीत तुझ्यासाठी तिळाची वडी घेतली आहे, पुडीवर चुनबेचं नाव लिहिलंय, ते मी वाचलं. टपाल त्याच बोटीने जातंय. एकटी भेटू नकोस. त्याच्याबरोबर होडीत बसू नकोस.

तू कोरडी नव्हतीस. मला माफ कर.
मालसुन


बेटावरून,
अकरावा महिना, ता. ९

माझ्या मालसुन,

मोठ्या अक्षरात लिहिते आहे. सावकाश वाच, मधे कोणी नाही आता. तुझं अक्षर वाकडं आहे खरं, पण घरातल्या कोणी मला एवढं मोलाचं काही लिहिलेलं नाही. वडील असते तर पाटी फोडून नाचले असते.

महिनाअखेरीस यायचा तो बूटवाला यंदा दोन तारखेला सकाळी आला. मी डब्यातून मापाचा कागद काढला, आणि तळाशी चार वर्षांपूर्वीचा सापडला. पोर किती वाढलं ते बघावं म्हणून कौतुकाने एकावर एक ठेवले. कडेला कड जुळली. टाचेपाशी बूट कुरतडल्याची खाच होती, ती सुद्धा दोन्हीकडे. सात वर्षांच्या मुलाचा पाय तीन वर्षांच्या बुटात! बूटवाला म्हणाला, बाई, पाणी देऊ का? मला तो खोपीतला छोटा वाडगा दिसायला लागला. मूल आपल्या बेटावर गेलेलं नाही, एवढंच मी पाहिलं होतं. आपल्या घरातलं गेलेलं असेल, हे कुठे मनात आलं?

दुपारी बोट लागली. रीतीप्रमाणे चिलसोंग आधी गावच्या वडीलधाऱ्यांना भेटायला वर गेला, त्यांनी दोन प्याले पाजले, आणि तेवढ्यात पोस्टमन तुझं पत्र देऊन गेला. तुझा जीव तिकडे टांगणीला लागला असेल, पण ते दोन प्याले कामी आले बघ. मी पत्र सुनदोकच्या पुढ्यात मोठ्याने वाचलं. मग तीच उठली, हवालदाराला आणून आतल्या कागदी दारामागे बसवला आणि चुलीवर भात चढवला.

तो आला. मला खाली वाकून नमस्कार केला, तिळाची वडी पुढे केली, चुनबेने मावशीसाठी पाठवलीय म्हणाला. मी घेतली. त्याला बसवलं, जवाचा भात, सार, मासा वाढला. आणि त्याच्या शेजारी लहान पाट मांडून त्यावर छोटा वाडगा ठेवला, बोटभर चमचा ठेवला. त्याने पाहिलं. मी म्हटलं, इतक्या लांबून आलाय, त्यालाही भूक लागली असेल.

मला वाटलं होतं, उठून पळेल किंवा माझ्या अंगावर येईल. त्याने काही केलं नाही. वाडगा जवळ ओढला, चमचा सरळ केला. मग जे म्हणाला ते माझ्या कानांतून जात नाही.

“ताई, पुसानमध्ये तो मेला होता. इथे तर जिवंत होता.”

पुढचं त्याने न विचारता सांगितलं. पहिलं पत्र खरं लिहायला बसला होता. हात चालेना, म्हणून लिहिलं की मजेत आहे. माझं उत्तर आलं, त्यात चुनबेला पापा. त्याला वाटलं, जगात एक घर आहे जिथे आपल्या हातून पोर पडलेलं नाही. मग तो त्याला वाढवत गेला. गोवर आणला, पोहायला शिकवलं, दात पाडले. तेसिकला बंदरावर खरं कळलं. मासळी घ्यायला आला की चिलसोंग त्या खोपीपाशीच होडी लावायचा, हे त्याला ठाऊक होतं. सहाच्या संध्याकाळी जेवून तिथे गेला. रात्रभर समजावून थकला, सात तारखेला पहाटे म्हणाला की बहिणीने एकटीने चार अश्रू ढाळायचे आणि आम्ही इथे मोजे विणायचे, हे चालणार नाही, आत्ता जाऊन ताईला सांगतो. दाराकडे निघाला. याने ढकललं. दगडावर डोकं आपटलं. दोन दिवस लपून जमीन खणली, मग त्याचा कोट चढवून त्याचीच होडी बाहेर नेली, पलीकडच्या बेटाजवळ उलटी केली आणि पोहून किनारा गाठला.

ताट दर वर्षी आवरून जायचा. यंदा होडीचा दोर सुटला म्हणून धावला, ते राहिलं. मी विचारलं, तिथी तरी दुसरी धरायची होतीस, कोणाला कळलं असतं? म्हणाला, दुसऱ्या दिवशी तेसिक जेवला नसता. आणि पोराचा वाडगा का, आपल्यात रीत नाही ना? तर म्हणाला, त्याला एकट्याने जेवायची सवय नव्हती, मामाच्या शेजारी बसवला. मापाचंही सांगितलं. मोठा पाय काढायला घेतला होता, पण सात वर्षांचा पाय कसा दिसेल ते त्याला समजेना.

मालसुन, मी त्याला आणखी भात वाढायला निघाले होते, खोटं कशाला सांगू. पण तेवढ्यात सुनदोक चुलीपासून उठून पुढे आली आणि त्याला एवढंच विचारलं, की मला फासावर पाठवून मग कोणाकोणाची ताटं मांडत बसला असतास? मागच्या किनाऱ्यावर संध्याकाळची होडी कशाला सांगितली होती, तेही मी विचारलं. काही ठरवलं नव्हतं म्हणाला. मी विश्वास ठेवला नाही, ठेवणारही नाही. हवालदाराने दार सरकवलं तेव्हा तो मुकाट्याने हात पुढे करून उभा राहिला. तीन तारखेच्या बोटीने सुनदोकच्या जागी तो गेला.

दगडांखाली तेसिक सापडला. पट्ट्याच्या बक्कलवरून ओळखला. सुनदोक तीन वर्षांचं त्या दिवशी रडली. तो आपल्याला सोडून गेला नव्हता, याचा तिला झालेला आनंद आणि त्याला दरवर्षी उपाशी राहा म्हणाल्याची लाज, दोन्ही एकदम बाहेर पडलं. मला तिची पाठ चोळता चोळता कळेना की सांत्वन कशाचं करू. मी हिच्याकडे पाठ करायला घाबरले होते, ते तिला सांगितलं. म्हणाली, घोरत तर चांगल्या होतात. वडिलांच्या टेकडीवर त्याला नेऊन ठेवलं. पुढच्या वर्षी सहा तारखेला ताट, काड्या डावीकडे. वडील रागावले तर मी बघून घेईन.

आता तुझं. चार वर्षं तुझ्या दुःखाला मी एक शब्द लिहिला नाही असं तू समजत होतीस आणि तरी माझ्यावर माया करत राहिलीस. मी आज लिहिते. तुझं लेकरू गेलं, मालसुन. फार वाईट झालं. मी तिथे असायला हवं होतं. चल निघून ये, घर रिकामं आहे, टोप इथेही विणता येतील, आणि सुनदोक तुझं अंथरूण घालून बसली आहे.

एक सांगते, वेडी म्हणू नकोस. तुझा चुनबे तीन वर्षांचा होऊन गेला, चार वर्षांपूर्वी. माझा सात वर्षांचा होता. त्याला गोवर आला तेव्हा मी नवस बोलले होते. त्याचे पुढचे दोन दात पडले होते, बोलताना शिट्टी वाजायची, वसंतात शाळेत जाणार होता. तो दोन तारखेला दुपारी गेला. त्याच्यासाठी रडायला माझ्याजवळ कोणी नाही, कारण त्याला ओळखणारा दुसरा माणूस तीनच्या बोटीने गेला.

बूटवाल्याकडून मी अंदाजाने एक जोड घेऊन ठेवली आहे. सात वर्षांच्या मापाची. येशील तेव्हा दोघी मिळून ठरवू, तिचं काय करायचं ते. बोटीत वाऱ्याच्या बाजूला बसू नकोस, आणि येताना तो जुना बूट घेऊन ये.

आतापर्यंत पाठवलेलं सगळं प्रेम वाटेत कोणी उघडून पाहिलं असेल तर पाहू दे, हे मात्र थेट तुलाच.
तुझी ओकबुनताई